दवंडीवाला आणि बोलक्या मैना

फार फार पूर्वी, नेमकं कधी ते मला विचारू नका, एका मोठ्या तलावाच्या बांधाखाली एक गाव होतं. त्या गावात एक दवंडीवाला राहायचा.

रोज सकाळी तो पायपीट करायचा. कुणाच्या गोठ्यात रोग शिरलाय ते बघायचा, तलावाच्या बांधावरून चालत खेकड्यांची बिळं शोधायचा. मग चावडीपुढे डफ वाजवून जे पाहिलं तेवढंच सांगायचा. बीळ सापडलं असेल तर गाव जमून ते बुजवायचं.

शेवटी तो एक आरोळी ठोकायचा, "घाण्याचं ताजं तेल निघालंय हो!" त्या आरोळीबद्दल घाणेवाला त्याला सूपभर जोंधळे द्यायचा. बातमीसाठी मात्र कोणी दाणाही देत नसे. गंमत बघा, गावाचा बांध राखला जायचा तो तेलाच्या आरोळीवर.

एकदा एक फिरस्ता पिंजरे भरून बोलक्या मैना घेऊन आला. "फुकट ऐका," म्हणाला. मैना ऐकलेलं सगळं छपराछपरावर जाऊन बोलत. कुणाची सून रुसली, कुणाचा बैल सुटला, सारं घरबसल्या कळू लागलं. गाव खूश झालं. तेलाची आरोळीही मैना दिवसभर देऊ लागल्या, तीही ओंजळभर जोंधळ्यांत. ते जोंधळे फिरस्त्याच्या पोत्यात जात.

घाणेवाला दवंडीवाल्याला म्हणाला, "राग धरू नकोस बाबा. तुझं सूप आता परवडत नाही."

"राग कसला, काका. पण बांधावर कोण जाईल?"

"मैना आहेत की. त्यांना सगळं कळतं."

दवंडीवाल्यानं डफ खुंटीला टांगला आणि तो पलीकडच्या गावी मजुरीला जाऊ लागला. पावसाळा सरत आला, तलाव काठोकाठ भरला. दुसऱ्याचं रान खुरपताना त्याच्या मनात अनेकदा आलं, बांध बघून यावा. पण मजुरी बुडाली की घरात चूल पेटत नव्हती. तो गेला नाही.

एका दुपारी बांध फुटला. खेकड्यांनी तो आतून पोखरला होता. घाणा वाहून गेला, बैल गेले, आणि खाटेवर झोपलेला घाणेवाल्याचा नातूही गेला. त्या सकाळीही मैना बोलतच होत्या. पण बांधाबद्दल गावात कोणी काही बोललंच नव्हतं, मग त्या काय सांगणार?

दवंडीवाला धावत आला. चिखलात बसलेल्या घाणेवाल्यानं त्याचा हात धरला. "सांगितलं कसं नाहीस रे?"

"मी बघायलाच गेलो नव्हतो, काका," तो म्हणाला, आणि त्याच्याजवळ बसून रडला.

पडक्या भिंतीवर मैना बसल्या होत्या. त्यांनी नवे शब्द लगेच उचलले. "सांगितलं कसं नाहीस रे? सांगितलं कसं नाहीस रे?" दिवस मावळेपर्यंत त्या तेच बोलत राहिल्या.

तात्पर्य: ऐकलेलं सांगणारे फुकट मिळतात, जाऊन बघणाऱ्याला मात्र गावानं पोसावं लागतं.