दरीपलीकडचा बंद बंगला

माणगिरी संस्थानची दुर्बीण सगुणाबाई सांभाळत, आणि ती विकून टाकायला दिवाण त्रिंबकराव टपलेले होते. वैशाखातल्या एका सकाळी वेधशाळेच्या गच्चीवर त्यांनी राजेसाहेबांसमोरच बाईंना गाठलं.

“परग्रहावर जीव आहे की नाही, ते म्हणे तुम्ही इथूनच ओळखाल! पाऊलही न टाकता? दाखवा ओळखून, नाहीतर दुर्बीण उद्याच विकतो.”

राजेसाहेबांनीही मान डोलावली. तेवढ्यात बाईंना दरीपलीकडच्या बंगल्यावर धुराची रेघ दिसली. त्यांनी दुर्बीण तिकडे वळवून नीट पाहिलं.

“दिवाणसाहेब, त्या सरकारी बंगल्यात कोण राहतं?”

“कोणी नाही. कित्येक वर्षं कुलूप आहे. किल्ली माझ्याकडेच असते.”

“सरकार, आपणच बघावं,” बाई म्हणाल्या. “सगळी टेकडी करपली आहे, पण बंगल्यामागे भाजीचा वाफा हिरवागार आहे. रोज पाणी घातल्याशिवाय तो टिकायचा नाही. धुराड्यातून धूरही निघतोय. जिवंत कोणी असल्याशिवाय जे टिकूच शकत नाही, तेच मी ग्रहांवर शोधते. तिथे अजून सापडलेलं नाही. इथे सापडलं.”

राजेसाहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

“दिवाणजी, जीव आहे हे बाईंनी सांगितलं. कोण आहे, ते आता तुम्ही सांगा.”

त्रिंबकरावांनी पागोट्याखालचा घाम पुसला. “मेहुणा, सरकार… सहकुटुंब.”

दुर्बीण गच्चीवरच राहिली. मेहुण्यांनी मात्र संध्याकाळच्या आत बंगला सोडला.