पांढरी फडकी

धुरानं राजाला खोकला लागला आणि त्यानं रयतेच्या सगळ्या चुली विझवायचा हुकूम सोडला. राजवाड्यात मात्र अंघोळीचे बंब दिवसभर धगधगत होते. तो धूर धुरात धरायचा नसतो. ऐन थंडीत कोंडाई परटिणीचा वीस दिवसांचा नातू गारठून दगावला.

तरी धूर काही हटेना. "चोरून चूल कोण पेटवतंय?" राजा दरबारात गरजला. "सापडला की हद्दपार करतो!"

"मी शोधून देते, महाराज," धुतलेले कपडे पोचवायला आलेली कोंडाई म्हणाली. "प्रत्येक छपरावर एक पांढरं फडकं टांगा. राजवाड्यावरही."

तीन दिवसांनी फडकी दरबारात आली. गावची सगळी पांढरीच राहिली होती. राजवाड्याचं तेवढं तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं.

"परटीण आहेस ना तू? मग हे आत्ताच्या आत्ता धुऊन आण," राजा गुरकावला.

"आणते, महाराज. पण काजळी गार पाण्यानं निघत नाही, आधण लागतं. नातवाला शेकायला पेटवलेली चूल आपल्या शिपायांनी लाथेनं विझवली होती. आता आपलं फडकं धुवायला पेटवू का?"