मुंगीने न कुरतडलेले दाणे

एका माळरानावर बोरीच्या झुडपाखाली एक मुंगी राहत असे. कामाला मोठी वाघ, आणि त्याची घमेंडही तेवढीच! गवताचा दाणा वारुळात आला की ती त्याचे टोक कुरतडून टाकी, म्हणजे ओल लागली तरी त्याला कोंब फुटत नसे आणि साठा टिकत असे. मुंग्यांची ती रीतच होती. त्या साली पाऊस रुसला, तशा मुंग्या माळावर तुटून पडल्या. कोठारे गच्च भरली. शेवटच्या दाण्यांचा ढीग तर दाराशीच पडून राहिला.

एके दिवशी एक लावी, म्हणजे जमिनीवर तुरुतुरु पळणारे ते पाखरू, पिल्लांना घेऊन दाराशी आली. "मुंगीताई, कालपासून यांच्या पोटात काही नाही. थोडे दाणे दे गं."

"माळ सगळ्यांचाच होता. तू आळस केलास, त्याला मी काय करू?" मुंगी फणकारली.

"आळस कसला? अंडी उबवत बसले होते. उठून बघते तर माळावर दाणा म्हणून उरला नाही!"

एवढ्यात एक पिल्लू भुकेने कोलमडले. मुंगी तशीच मागे वळली. ती धावत आत गेली आणि कोठारातले दाणे आणून तिने पिल्लांपुढे ठेवले.

"अशी वाटत सुटलीस, तर उद्या आपण काय खायचं?" वारुळातली म्हातारी मुंगी ओरडली.

"पाऊस पडेल, गवत येईल..." मुंगी बोलता बोलता थांबली. गवत येणार कशातून? माळावरचा दाणा न् दाणा वारुळात आला होता, आणि आत गेलेला प्रत्येक दाणा तिनेच कुरतडला होता! ती तडक दाराशी आली आणि तिथे न कुरतडता राहिलेल्या ढिगावर चढून बसली. "याला कुणी तोंड लावायचं नाही! हे बियाणं आहे!"

मुंग्यांनी कुरकुरत का होईना, ते दाणे माळभर नेऊन टाकले. लावीने पायांनी माती उकरून ते झाकले. पुढे पाऊस झाला, तरी कितीतरी दिवस माळ बोडकाच दिसे आणि मुंगीला टोमणे खावे लागत. मग एका सकाळी मातीतून हिरवी पाती वर आली. मुंगीला इतका आनंद झाला, की ती म्हातारीलाच मिठी मारून बसली! गवत दाण्यावर आले तेव्हा मुंग्या आणि लावीची पिल्ले एकाच माळावर पोटभर जेवली.

तात्पर्य : सगळे धान्य एकाच्याच कोठारात गेले, की बाकीचे उपाशी राहतात आणि पुढे ते कोठारही रिकामे होते. म्हणून आजचा घास वाटून खावा आणि उद्याचे बियाणे मातीसाठी राखावे.