काठावरचं बोलणं

फार वर्षांपूर्वी ओढ्याकाठी मी ‘खडक्, खडक्’ ऐकलं होतं. उनाड म्हशीच्या गळ्यात बांधलेल्या लाकडी लोढण्याचा तो आवाज.

त्या दिवशी शेळीचं करडू पाण्यात पडलं. शेळी टाहो फोडू लागली.

“मी पोहू शकतो बरं,” घोडा काठावरून म्हणाला.

“कुणीतरी जायला पाहिजे,” गाढव म्हणालं.

“मी जाऊ का?” बोकडाने तिसऱ्यांदा विचारलं.

म्हैस पुढे झाली.

“अगं ए उनाड, लोढण्यासकट बुडशील!” घोडा हसला.

ती पाण्यात उतरली. लोढणं तरंगलं. दमलेल्या करडाने त्यावर पुढचे पाय टाकले आणि म्हशीने त्याला तसंच ओढत काठाला आणलं. शेळी त्याला चाटू लागली.

“मीसुद्धा आणू शकलो असतो,” घोडा म्हणाला.

म्हैस चालू लागली. खडक्, खडक्.