पिवळ्या पट्ट्यांची कडी

फार वर्षांमागं एका उंच सुळक्याच्या माथ्यावर, खडकात ठोकलेल्या मेखेला दोर अडकवायची, उघडमीट होणारी एक कडी लटकत होती. ती गिर्यारोहक हेमाताईंची. आपली वस्तू ओळखू यावी म्हणून त्यांनी तिच्यावर नेलपॉलिशच्या दोन पिवळ्या पट्ट्या ओढल्या होत्या. तिच्यात दोर ओवून त्या उतरल्या आणि कडी वरच राहिली.

“खूण केलीय म्हणजे न्यायला येणारच,” कडी रोज म्हणायची.

“उतरायचं तर एक कडी वर सोडावीच लागते, बाई,” मेख म्हणे. “आणि सोडतात ती जुनीपानीच.”

खाली चाहूल लागली की कडीचा जीव वरखाली होई. उन्हापावसानं पट्ट्या पुसट झाल्या.

एके सकाळी हेमाताई खरंच आल्या. केस पिकलेले, कमरेला नव्या कड्यांचा जुडगा.

“ही जुनी काढून नवी लावू या का?” सोबतच्या मृदुलानं विचारलं.

हेमाताईंनी कडी उघडमीट करून पाहिली. “नको. हिला मी ओळखते. हिच्यावरच उतरू.”

त्यांनी पुसट पट्ट्यांवर नवं नेलपॉलिश फिरवलं, दोर ओवला आणि दोघी उतरल्या. मग खालून एक टोक ओढताच दोरही कडीतून सरसरत खाली गेला.

“राहिलीसच ना शेवटी?” मेख म्हणाली.

“हलू नकोस गं,” कडी म्हणाली. “रंग अजून ओला आहे.”