शिवेवर ठेचाळणारी घोडी

फार फार पूर्वी, जनावरं माणसांशी अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका राज्यात एक तरुण राणी होती. तिचं माहेर निळ्या डोंगरापलीकडे. लग्नात आईने तिला पांढरी घोडी आंदण दिली होती. म्हणाली होती, "आठवण आली की हिच्यावर बस आणि ये."

पण सासरची एक रीत होती. लांबच्या वाटेला दसऱ्यालाच निघावं, आणि घोडं शिवेआधी ठेचाळलं तर अपशकुन मानून माघारी फिरावं. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत त्या वाटेचं नावही काढायचं नाही.

दर दसऱ्याला राणी निघे, आणि दर दसऱ्याला शिवेच्या दगडाशी घोडी ठेचाळे.

सासू म्हणे, "सूनबाई, तुमच्या घोडीलाच माहेर नकोसं झालंय. आम्ही काय करणार?"

घोडीवरून लिंबू उतरवून झालं, चाबूकही मारून झाला. ती का ठेचाळते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

डोंगरापलीकडचे वाटसरू सांगत, "आईसाहेब रोज दारात बसतात. आता नजर गेली, पण टापांकडे कान लावून असतात." ते ऐकून राणीच्या हातातला घास हातातच राही.

एका सकाळी ती तबेल्यात गेली. घोडीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "तुला खरंच जायचं नाही का गं?"

"माझे खूर बघ," घोडी म्हणाली.

खूर पुढे वाढून पसरले होते. आंदणाच्या जनावराला सासरचं लोखंड लावायचं नाही, ही तिथली आणखी एक रीत; म्हणून ते कधी छाटलेच नव्हते.

"अशा पायांनी तू चालून दाखव."

सासूने नाक मुरडलं, तरी राणीने नालबंदाला बोलावून खूर छाटून घेतले.

"आता पोचू ना?"

"अजून एक आहे. डोंगर दिसला की तू माझ्या मानेवर ओणवी होतेस. सगळा भार माझ्या पुढच्या पायांवर येतो. वर लगाम असा आवळतेस की पायाखालचा दगड मला दिसत नाही. तुला माझ्याआधी पोचायचं असतं."

राणी म्हणाली, "मग आईची आठवणच काढू नको का?"

"काढ की. पण खोगिरात बसून काढ."

दसरा आला. डोंगर दिसला, तसा राणीचा ऊर भरून आला. पण तिने पाठ सरळ ठेवली आणि लगाम सैल सोडला. घोडीने मान खाली घालून दगड पाहिला, पाऊल उचलून पलीकडे टाकलं. शीव मागे पडली.

टापा ऐकून आई दारातून उठली. चाचपडत आधी घोडीचं नाक, मग लेकीचा चेहरा तिने कुरवाळला.

"उशीर केलास गं. मला आता दिसत नाही. कशी दिसतेस, तूच सांग."

राणीने आईच्या कुशीत तोंड लपवलं. घोडीच म्हणाली, "तुमच्यासारखी."

तेव्हापासून त्या राज्यात घोडं ठेचाळलं की कुणी माघारी फिरत नाही. खाली उतरून त्याचे खूर पाहतात, मग नीट बसून पुढे जातात.

तात्पर्य : अडखळणाऱ्याला दोष देण्याआधी त्याचे पाय पाहावेत, आणि त्याच्यावर पडलेला आपला भारही.