जाळीमागच्या सेन्सरचा अर्ज

विषय : हवेची जाळी साफ करून मिळणेबाबत.
अर्जदार : बिवलकरांच्या मोटारीत, जाळीमागे एकटाच बसून इंजिनाची हवा मोजणारा सेन्सर.

मोटार नवी होती त्या काळी जाळीतून हवा यायची, तिच्यासोबत गावभरच्या बातम्याही. पुढे जाळी धुळीने बुजली.

"जाळीबाई, बोला की काहीतरी!"

"तोंडात माती आहे रे. मालकांना कळव, नाहीतर दोघेही गुदमरू," एवढे बोलून ती गप्प झाली, ती कायमची.

सेन्सरने मालकांसमोरचा, बिघाड कळवणारा पिवळा दिवा पेटवला. नेमकी खंडेनवमी होती. मोटार बाहेरून लख्ख धुतलेली.

"अहो, हा दिवा कसला?" बिवलकरीणबाईंनी विचारले.

"पूजेला आपोआप लागला. शुभच की!" म्हणत बिवलकरांनी दिव्यावर हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले.

सेन्सर अजून दिवा लावून बसला आहे. अर्ज प्रलंबित आहे.